कणा आपला, निर्णयही आपलाच!

‘मणक्याला सुरी लागली की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो,’ असं ठणकावून सांगणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. आणि ‘डॉक्टर म्हणालेत, आठ दिवसांत ऑपरेशन केलं नाही तर पाय जातील,’ असं सांगत फाईल छातीशी धरून रडवेल्या झालेल्याही भेटतात. एकीला ऑपरेशनची भीती, दुसरीला ऑपरेशन राहून जाण्याची. दोघींच्याही पिशवीत एमआरआयची ती मोठी फिल्म असते आणि दोघींना एकच वाक्य पाठ असतं, ‘मणक्यात गॅप आलाय!’

मी डॉक्टर नाही. कळव्यात बचत गटाचं आणि आरोग्य शिबिरांचं काम करताना बायकांबरोबर दवाखान्यात जायचं, रिपोर्टवरचं इंग्रजी त्यांना समजावून सांगायचं, त्यांच्या मनातला प्रश्न डॉक्टरांपुढे मांडायचा, एवढंच माझं काम. पण इतकी वर्षं हे बघून माझं एक मत पक्कं झालंय. मणक्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हे नुसत्या फिल्मवरून ठरत नाही. त्या बाईला काय होतंय, यावरून ठरतं. आणि नेमकं तेच सांगायला आपण बायका कचरतो. त्यामुळे जिला गरज नाही तिच्या घरी दागिने गहाण टाकायची बोलणी सुरू होतात आणि जिचं तातडीनं व्हायला हवं ती घरी शेक घेत पडून राहते.

कंबरदुखी कोणाला नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगभरात जवळपास ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त. घोलाईनगर, वाघोबानगरच्या चढावर भरलेली कळशी घेऊन जाणारी बाई असो, नाहीतर सकाळच्या लोकलमध्ये एका पायावर उभी राहून दादर गाठणारी असो, ‘कंबर धरलीय’ हे वाक्य दोघींच्या तोंडी असतंच. पण कंबर दुखणं म्हणजे मणका ‘गेला’ असं नव्हे. बहुतेक कंबरदुखी स्नायू आणि सांध्यांची असते आणि काही आठवड्यांत उतरते. तिथे ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही.

मग हा ‘गॅप’ काय असतो? आपल्या मानेत ७, पाठीत १२ आणि कंबरेत ५ मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिच्याभोवती चिवट वेष्टण आणि आत मऊ गर. वय वाढेल तशी ती सुकते, पातळ होते. म्हणजे गंमत बघा, आपण म्हणतो गॅप आला, आणि खरं तर मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं! कधी वेष्टण फाटून आतला गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर दाब पडतो. मग कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी अंगठ्यापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. यालाच आपण सायटिका म्हणतो. शेवटच्या दोन गाद्यांवर भार जास्त, म्हणून हा त्रास बहुतेक वेळा तिथेच होतो.

आता फिल्मविषयी. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. ज्यांना कंबरदुखी नव्हती अशा ९८ धडधाकट माणसांचा एमआरआय काढला. त्यातल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या ठीक निघाल्या. निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं, की काही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या माणसांमध्येही निम्म्यांची गादी फुगलेली असते. म्हणजे केस पांढरे व्हावेत तसा हा प्रकार. पांढरा केस दिसला म्हणून कोणी डोकं कापून घेत नाही ना? एमआरआय वाईट नाही, तो फार उपयोगी आहे. पण फिल्मवर दिसलेली नस आणि पायातली कळ यांचा मेळ बसला, तरच त्याला अर्थ.

दुसरी गोष्ट धीराची. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. नेदरलँड्समध्ये २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे जबर सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन लवकर करायचं ठरलं आणि निम्म्यांना औषधं, व्यायाम देत थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, बाकीच्यांना नाही. लवकर ऑपरेशन झालेल्यांची पायातली कळ लवकर थांबली, हे खरं. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण सारखंच, ९५ टक्के होतं. याचा अर्थ ऑपरेशन खोटं, असा अजिबात नाही. पायातली ताकद शाबूत असेल तर आपल्या हातात विचार करायला वेळ असतो, एवढाच याचा अर्थ. आठ दिवसांत दागिने गहाण टाकायची गरज नसते.

आमच्या गटातल्या एका शिक्षिकेला असंच घाईघाईत ऑपरेशन सांगितलं होतं, तीन लाखांचं एस्टिमेट हातात दिलं होतं. पाय दुखायचा, पण टाचेवर चालता येत होतं, चवड्यावर उभं राहता येत होतं, लघवीचा त्रास नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सहा आठवडे औषधं आणि व्यायाम दिला. तीन महिन्यांनी बाई पुन्हा शाळेत उभ्या राहून शिकवत होत्या. एस्टिमेटचा कागद अजून त्यांच्या कपाटात आहे.

या सहा आठवड्यांत करायचं काय? महिनाभर झोपून राहू नये. एक-दोन दिवस आराम, मग जमेल तेवढं चालायला लागावं. ओझं उचलणं आणि वाकून करायची कामं तेवढी बंद. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्यावा. कंबरेचा पट्टा आणि वजनं लावून ताणणं यांच्यावर आपला फार विश्वास. पण जुनाट कंबरदुखीसाठी ते नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मधल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. आणि पाठीवर पाय देऊन ‘नस बसवणाऱ्या’कडे तर जाऊच नये.

हे झालं थांबण्याविषयी. आता जे सांगणार आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय. मैत्रिणींनो, हा भाग कृपया दोनदा वाचा आणि शेजारणीलाही वाचून दाखवा.

मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याच्या खाली नसांचा जुडगा लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. लॅटिनमध्ये त्याला नावही तेच आहे, ‘कौडा इक्विना’, म्हणजे घोड्याची शेपटी. लघवी, शौच आणि मांड्यांच्या आतली संवेदना याच नसांवर चालते. मोठी गादी सरकून हा सगळा जुडगा दाबला गेला, तर लघवी अडकते, किंवा झालेली कळत नाही. शौचावरचा ताबा जातो. पाटावर बसल्यावर जो भाग पाटाला टेकतो, तो बधिर होतो. दोन्ही पायांतलं बळ कमी होतं. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं, तर ते दुखणं उद्यावर टाकायचं नाही. रात्र असो, सण असो, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. इथे ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांच्या आत व्हावं लागतं. उशीर झाला तर नंतर कितीही खर्च केला तरी गेलेला ताबा परत येईलच याची खात्री नसते.

आणि नेमकी हीच गोष्ट आपण बायका लपवतो. दिराला, मुलाला ‘लघवी होत नाही’ हे सांगायचं कसं? पुरुष डॉक्टरांना ‘खालचा भाग बधिर झालाय’ म्हणायचं कसं? शिवाय दोन बाळंतपणं झाली, चाळिशी उलटली, की लघवीच्या तक्रारी ‘बाईच्या जातीला असायच्याच’ असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. विटाव्याच्या एक मावशी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. कंबर आणि दोन्ही पाय दुखत होते, सुनेनं शेक दिला, बाम चोळला. लघवी चार दिवस नीट होत नव्हती, ते त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. थंडीमुळे असेल, असं स्वतःची समजूत घालून बसल्या. पाचव्या दिवशी पोट फुगलं तेव्हा सुनेला कळलं. ऑपरेशन झालं, मावशी चालतात. पण लघवीवरचा ताबा पुरता परत आला नाही. आता त्या कोणाच्या लग्नाला जात नाहीत, दूरचा प्रवास करत नाहीत. ‘लाजेनं घात केला गं,’ असं त्या म्हणतात. मला विचाराल तर घात मावशींच्या लाजेनं केला नाही. बाईच्या शरीराबद्दल घरात बोलायचंच नाही, या आपल्या सगळ्यांच्या सवयीनं केला.

खोकताना, शिंकताना दोन थेंब होणं हा जुना, वेगळा त्रास आहे, त्यालाही उपचार आहेत. पण कंबर आणि पाय दुखायला लागल्यावर लघवीत नवा बदल झाला, तर तो मणक्याचा समजून ताबडतोब दाखवायचं.

तितकीच महत्त्वाची खूण म्हणजे बळ कमी होणं. दुखणं वेगळं आणि बळ जाणं वेगळं. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, पंजा वर उचलत नाही, जिना चढताना पाय घसटतो, ही नस अशक्त होत असल्याची लक्षणं आहेत. कधी कधी या वेळी कळ अचानक थांबते आणि आपण खूश होतो! पण कळ थांबली आणि पंजा लुळा पडला, तर ते बरं होणं नव्हे. मानेच्या मणक्यात दाब असेल तर हातांची कला जाते. ब्लाउजचं हूक लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, चालताना तोल जातो. याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. मानेतला दाब वाढत असेल तर ऑपरेशन मुख्यतः पुढचं नुकसान थांबवण्यासाठी करतात, म्हणून तिथे वाट बघत बसणं महागात पडतं.

ऑपरेशन म्हणजे एकच प्रकार नसतो, हेही आपल्याला कोणी सांगत नाही. बाहेर आलेला गादीचा तुकडा लहान छेदातून, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीनं काढतात. हे त्यातलं लहान ऑपरेशन. साठीच्या पुढच्या बायकांमध्ये नसांचा मार्गच अरुंद होतो. थोडं चाललं की पाय भरून येतात, वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं. भाजीच्या गाडीचा आधार घेत थांबत थांबत चालणाऱ्या आजी आठवा. त्यांचं चालणं फारच कमी झालं, तर हाडाचा थोडा भाग काढून नसांना जागा करून देतात. एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकत असेल, जे बायकांमध्ये जास्त दिसतं, तर कधी स्क्रू आणि पट्ट्या घालून मणके जोडतात. हे मोठं आणि महागडं काम. स्वीडनमधल्या २०१६ सालच्या एका अभ्यासात, मार्ग अरुंद झालेल्या रुग्णांना जागा करून देण्याबरोबर मणकेही जोडले, म्हणून दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. म्हणून ‘स्क्रू कशासाठी? नुसती जागा करून भागणार नाही का?’ हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. काहींना स्क्रू खरंच लागतात. त्यांचं कारण डॉक्टर नीट सांगतील.

पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात आणि साधं घसरून बसलं तरी मणका चेपतो. हा बहुतेक वेळा औषधं, आधार आणि थोड्या काळजीनं सहा ते बारा आठवड्यांत जुळतो. त्यात सिमेंट भरायचा उपाय सरसकट सगळ्यांना लागत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत हा उपाय आणि नुसतं सोंग केलेला उपाय यांच्या परिणामांत फरक दिसला नव्हता. मुख्य काम असतं ते हाडांच्या ठिसूळपणावर उपचार करण्याचं, आणि तेच राहून जातं. आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा आजार म्हणजे मणक्याचा टीबी. रात्री वाढणारं पाठदुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, अशी लक्षणं असतील तर आधी त्याची तपासणी व्हायला हवी. बहुतेकांना तो गोळ्यांनीच बरा होतो, मात्र वर्ष-दीड वर्ष औषध चुकवायचं नाही. बळ जात असेल किंवा कणा वाकत असेल तरच ऑपरेशन लागतं. टीबीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात.

ऑपरेशन केलं म्हणजे कणा नवा कोरा होतो, असंही नाही. मुंबईकर क्रिकेटपटू श्रेयस अय्यरच्या पाठीचं ऑपरेशन २०२३ साली लंडनमध्ये झालं आणि त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला. हा ऑपरेशनचा फायदा. पण २०२५ साली पाठ पुन्हा आखडू लागली म्हणून त्यानं लांब पल्ल्याच्या सामन्यांतून सहा महिन्यांची विश्रांती घेतली. त्याच्यासारख्या तरुण खेळाडूला विश्रांती लागते, तर टाके निघताच ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आपल्या वहिनींचं काय? ऑपरेशनचा खर्च सगळे मोजतात. त्यानंतरचे सहा आठवडे पाणी कोण भरणार, पोछा कोण मारणार, हे कोणी मोजत नाही. माझं तर म्हणणं आहे, की ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी घरातल्या कामांची वाटणी ठरवा. ती जमत नसेल, तर घराला बाईचं बरं होणं परवडत नाही, असाच त्याचा अर्थ.

चांगले डॉक्टर फक्त श्रीमंतांसाठी असतात, असंही नाही. गोव्यातल्या छोट्या गावातून आलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात न्यूरोसर्जरीचं काम उभं केलं, त्यांचं ‘ताठ कणा’ हे आत्मचरित्र अनेकींनी वाचलं असेल. मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज यांचं स्पाइन फाउंडेशन थेट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेबरोबर मणक्याच्या रुग्णांसाठी काम करत आलंय. आपल्या कळव्यात ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. गर्दी असते, रांग असते, हे मान्य. पण दुसरं मत घ्यायला अशी सार्वजनिक रुग्णालयं हक्काची आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे आधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मंजुरी आधी घ्यावी लागते, पैसे भरून झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

दुसरं मत घेतलं तर डॉक्टर रागावतील, ही भीती काढून टाका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या मताचा हक्क स्पष्ट लिहिलाय. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांतही रुग्णहक्कांची सनद आहे. आपल्या कागदपत्रांची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवी, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे.

आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर पाच प्रश्न विचारा. माझी कोणती नस दाबली गेलीय आणि माझ्या त्रासाशी ती जुळते का? आणखी सहा आठवडे थांबले तर काय धोका? नेमकं कोणतं ऑपरेशन करणार, त्यापेक्षा लहान चालेल का? त्यानं पायाची कळ जाईल की कंबरदुखीही? आणि जंतुसंसर्ग, नसेला इजा, पुन्हा गादी सरकणं, यांची शक्यता माझ्या बाबतीत किती? चौथा प्रश्न विसरू नका. गादीच्या ऑपरेशननं पायाची कळ जास्त खात्रीनं जाते, नुसती कंबरदुखी तेवढ्या खात्रीनं जात नाही. अनेकींचा पश्चात्ताप इथेच असतो.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. तपासणीच्या खोलीत ‘हिला ना, दोन महिन्यांपासून…’ अशी सुरुवात नवऱ्यानं किंवा मुलानं करायची आणि बाईनं मान डोलवायची, हे आता बंद करा. तिला स्वतःला बोलू द्या, गरज असेल तर पाच मिनिटं बाहेर थांबा. आणि मैत्रिणींनो, तुम्ही बोला. किती पावलं चालता येतं ते सांगा, चप्पल निसटते ते सांगा, लघवीचं तर आधी सांगा. फिल्म डॉक्टर बघतीलच. फिल्मवर जे दिसत नाही, ते फक्त तुम्हालाच माहीत असतं.